साडेअठरा सेकंदांची बीप

शेळके सरांनी पेढ्याचा रिकामा बॉक्स माझ्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. आत सहा पिवळी बटणं होती.

"मॅडम, ही सगळी खोटं बोलत्यात," ते म्हणाले. "सहाच्या सहा. तुम्हीच तपासून दिल्ती की न्हाई?"

मी उद्यमनगरात कॅलिब्रेशनचं काम करते. कॅलिब्रेशन म्हणजे मोजणाऱ्या यंत्राची परीक्षा. फाउंड्रीवाल्यांचे तापमापक, मशीनशॉपचे व्हर्निअर, दुकानदारांचे काटे, टायमर, स्टॉपवॉच, सगळं आमच्याकडं येतं. यंत्र जे सांगतं ते खरं आहे का, एवढंच आम्ही बघतो. एकवीस वर्षं हेच केल्यामुळं माझा स्वभावही तसाच झालाय. भाजीवाल्याचा काटासुद्धा मी आधी रिकामा बघते.

ती सहा बटणं म्हणजे पोहण्याच्या सरावाचे पेसर. पेढ्याएवढंच यंत्र. पोहणाऱ्यानं टोपीच्या आत, कानामागं ठेवायचं. आपण जेवढे सेकंद लावू तेवढ्या सेकंदांनी ते एक बीप देतं. समजा साडेअठरा सेकंद लावले, तर दर साडेअठरा सेकंदांनी बीप. प्रत्येक बीपला पोहणारा भिंतीवर पोचला पाहिजे. उशीर झाला तर तो मागं पडला, लवकर पोचला तर सुरुवातीलाच दम घालवतोय. सरांना काठावरून ओरडावं लागत नाही. पाण्यात तसंही ऐकू येत नाही.

हे पेसर सरांनी तीन महिन्यांपूर्वी घेतले, तेव्हा मीच तपासून दिले होते.

"झालं काय, सर?"

"सांगलीला निवड चाचणी झाली. चार पोरं नेली. चारीच्या चारी मागं पडली. आमची सानिका दोनशे मीटर रोज दोन अठ्ठावीसमध्ये मारती. तिथं दोन बत्तीस! आत यायला दोन तीस पाहिजे हुतं. चार सेकंद कुठं गेलं, मॅडम?"

"इथं तुम्ही स्टॉपवॉच लावत होता?"

"रोज कोण लावतंय? पंचवीस पोरं हायत. बीपला पोर भिंतीवर आलं की झालं. त्यासाठीच तर मशीन घेतली."

म्हणजे दोन अठ्ठावीस हा आकडा सरांनी मोजलेला नव्हता. टँक पंचवीस मीटरचा. दोनशे मीटर म्हणजे आठ फेऱ्या. आठ गुणिले साडेअठरा म्हणजे एकशे अठ्ठेचाळीस सेकंद. हिशोब बरोबर होता, पण बीप उशिरा वाजत असेल तर सगळाच हिशोब पाण्यात.

"सांगलीचा टँक पन्नासचा होता का?" मी विचारलं. लांब टँकमध्ये वळणं कमी मिळतात, वेळ वाढतो, एवढं मला ठाऊक होतं.

"न्हाई. तो पण पंचवीसचाच."

सर गेल्यावर मी बॉक्स पुढ्यात ओढला. तपासणीच्या कागदावर सही माझी होती.

पहिला पेसर उघडला. मागच्या झाकणाला खाच असते, त्यात दोन रुपयांचं नाणं घालून फिरवलं की झाकण निघतं. आत घड्याळात असतो तसा चपटा सेल आणि पाणी आत जाऊ नये म्हणून रबराची बारीक रिंग. ती रिंग फुगून सैल झाली होती. नाकाजवळ नेली तर खोबरेल तेलाचा वास! सरांना फोन लावला.

"व्हय, मीच लावलं," ते म्हणाले. "तेल लावलं की पाणी आत जात न्हाई म्हणून."

"सर, तेलानं हे रबर फुगतं. फुगलं की फट पडते. याला फक्त सिलिकॉनचं ग्रीस चालतं, तेही बोटाला लागेल एवढंच. आणि रोज पोहून झालं की साध्या पाण्यानं धुवायचं, सावलीत वाळवायचं. क्लोरीन तसंच राहू द्यायचं नाही."

"म्हंजे मशीन बिघडलंयच की!"

मलाही क्षणभर तसंच वाटलं. दोन पेसरांत सेलच्या पत्र्याला हिरवा गंज धरला होता. पण या यंत्राचा एक गुण आहे. सेल उतरला किंवा पाणी शिरलं तर ते मुकं होतं. सावकाश चालत नाही. आत घड्याळासारखाच स्फटिक असतो, तो चालतो तेव्हा नीट चालतो.

तरी मी नुसत्या माहितीवर विश्वास ठेवला नाही. गंज साफ केला, रिंगा बदलल्या, नवे सेल घातले. काढलेले जुने सेलही बाजूला ठेवून पुन्हा लावून बघितले. प्रत्येक पेसर आमच्या काउंटरवर अर्धा तास वाजवला. काउंटर म्हणजे सेकंदाचे हजार भाग मोजणारं यंत्र. मग बादलीत टँकच्या पाण्याएवढं कोमट पाणी घेतलं, पेसर बुडवले, बादलीला बाहेरून मायक्रोफोनची चकती चिकटवली आणि पुन्हा मोजलं. सहाही पेसर साडेअठराला साडेअठराच वाजले. आठ फेऱ्यांत सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा फरक पडला नाही.

दोन दिवसांनी सर आले तेव्हा मी कागद त्यांच्यापुढं केला. त्यांनी सहाही आकडे बोट ठेवून वाचले.

"मग पोरगीच," ते हळू म्हणाले.

"म्हणजे?"

"रोज सगळ्यांच्या मशीनवर नंबर सानिकाच लावती. मीच सांगितलं हुतं, हुशार हाय म्हणून. तिनं साडेअठराच्या जागी एकोणीस लावलं तर मला कसं कळणार? आरामात पव्हायचं आणि भिंतीवर टायमात यायचं. सगळीच पोरं मागं पडली ती त्यामुळंच."

आकड्याला आकडा जुळत होता. एकोणीस लावलं तर आठ फेऱ्यांना चार सेकंद जास्त होतात. नेमके चारच. आमच्या धंद्यात इतकं नेमकं जुळलं की संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढायला हवा. त्या दिवशी माझा वाढला, पण त्या मुलीवर.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी टँकवर गेले. सोबत आमच्या लॅबचं प्रमाणित स्टॉपवॉच. फाटकावर मोठा बोर्ड होता, निळ्या अक्षरांत 'जलतरण तलाव, २५ मीटर', खाली मुलांची नावं आणि त्यांच्या वेळा. टँक खाजगी होता. त्याचे मालक आबा, साठीचे, पांढरा सदरा, फाटकाजवळच्या खुर्चीत बसलेले.

सानिका सोळा वर्षांची, उंच, खांदे रुंद. ती काठावर एकटीच बसली होती. तिचे वडील महादेवराव बाकावर होते. ते हुपरीचे, घरीच चांदीचे पैंजण घडवायचे. रोज दुपारी कामावरून उठून बसनं लेकीला घेऊन यायचे.

मी सानिकाजवळ बसले आणि सरळच विचारलं, "नंबर कमी-जास्त केलेला का गं? खरं सांग, मी कुणाला सांगणार नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे भरून आले, पण ती रडली नाही. "सरांनी पाठवलंय व्हय तुम्हाला?" एवढंच म्हणाली.

महादेवराव उठून आले. "ताई, माझ्या लेकीला चोर म्हणायचं असंल तर आधी माझ्याशी बोला. चाचणी झाल्यापास्नं सर तिच्याशी धड बोलंनात. काल नंबर लावायचं काम पण काढून घेतलं. मला तर वाटतंय, सरांनाच दुसऱ्या कुणाला तरी पुढं काढायचं हाय."

म्हणजे सरांचा संशय मुलीवर, बापाचा सरांवर, माझा अजून कुणावर पक्का नाही. सगळ्यांच्या हातात एकच गोष्ट होती, चार सेकंद.

"मी कुणाला चोर म्हणत नाही," मी म्हणाले. "आज मोजून बघू."

पेसरवर साडेअठरा मी स्वतः लावले. स्वतः तिच्या टोपीत ठेवला. सर समोरच्या काठाला मोबाइलवर वेळ लावून, मी सुरुवातीच्या काठाला. सानिका पाण्यात उतरली. आठ फेऱ्या. ती घड्याळासारखी पोहली. शेवटी भिंतीला हात लागला, तेव्हा माझ्या स्टॉपवॉचवर दोन मिनिटं अठ्ठावीस सेकंद आणि वर थोडंसं होतं.

सरांनी येऊन माझ्या हातातलं घड्याळ बघितलं. मग आपल्या मोबाइलवरचं बघितलं. तेच.

पेसर खरा. मुलगीही खरी.

"मग सांगलीवाल्यांनीच घड्याळ मारलंय," सर म्हणाले. "आपली पोरं पुढं जाऊ नयेत म्हणून. मला आधीच शंका हुती."

सानिका काठाला धरून पाण्यातच होती. ती पहिल्यांदा आपणहून बोलली. "सर, मी सांगितलं हुतं की तुम्हाला. तिथं भिंतच येत न्हवती."

"परत तेच! दमलीस म्हणून तसं वाटलं."

"न्हाई सर. दुसऱ्या फेरीलाच. तेव्हा कुठं दमल्ते?"

मी खाली वाकले. "भिंत येत नव्हती म्हणजे काय? नीट सांग."

ती हातानं दाखवत सांगू लागली. "मी हात मोजती मॅडम. हितं एकोणीस हात झालं की कोलांटी मारायची, पाय भिंतीला बसत्यात, जोरात ढकलायचं. तिथं एकोणीस झालं, कोलांटी मारली, तर पाय पुरलंच न्हाईत. नुसतं पाण्यात लाथ मारली. मग परत एक हात मारून भिंत धरली. पुढच्या फेऱ्यांना वीस हात मारायला लागलं. बाकीच्या तिघांचं पण तसंच झालं. आम्ही सांगितलं तर सर म्हणाले, घाबरलासा."

मी टँककडं बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. निळ्या टाइल्स, स्वच्छ पाणी. नुसत्या डोळ्याला पंचवीस मीटर आणि साडेचोवीस मीटर यांत काय फरक दिसणार?

वेळ मोजली, यंत्र मोजलं, मुलगी मोजली. अंतर कुणीच मोजलं नव्हतं.

"सर, हा टँक पंचवीसच मीटर आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हंजे? बोर्डावर लिहिलंय की. मी हितं लागून दीड वर्ष झालं, तवापासून पंचवीसच."

"आणि त्याच्या आधी?"

"आधीचं मला म्हाईत न्हाई."

मी आबांकडं गेले. त्यांना म्हणाले, उद्या टेप घेऊन येते, टँकची लांबी मोजायची आहे, दहा मिनिटांचं काम आहे.

आबा हसले. "मुजावर मॅडम, तुम्ही मशीन दुरुस्त करा. टँक कशाला मोजताय? उद्या क्लोरीन टाकायचा हाय, कुणाला आत सोडता येत न्हाई."

"मग परवा?"

"परवा पंपाचा माणूस येतोय." मग ते खुर्चीत पुढं सरकले. "आणि समजा, दोन-सव्वादोन फूट इकडं-तिकडं असलं तर काय बिघडतंय? पोरं पवतायत, तब्येत चांगली हुतीया."

मी तिथंच थांबले. "आबा, फुटांचा आकडा मी काढलाच नाही. तुम्ही कुठून आणलात?"

त्यांनी मान फिरवली. "आपलं उदाहरण दिलं."

उदाहरण देताना माणूस फूटभर म्हणतो, दोन फूट म्हणतो. दोन-सव्वादोन फूट हे मोजलेल्या माणसाचं उदाहरण. एकवीस वर्षांत मी एवढं शिकले आहे.

महादेवराव मागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "आबा," ते म्हणाले, "आम्ही चांदी तोलतो. गिऱ्हाइकानं काटा दाखव म्हटलं की दाखवतो. न दाखवणाऱ्याच्या दारात कोण येत न्हाई. उद्या ताई येणार, टेप लावणार. न्हाईतर मी आत्ता सगळ्या पोरांच्या घरी फोन करतो."

आबांनी हातानंच 'या' म्हटलं. तोंडानं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमची तीस मीटरची स्टीलची टेप नेली. ती टेपही दरवर्षी तपासून घेतो. कापडी टेप ओली झाली की ताणते, म्हणून ती चालत नाही. स्टीलची टेपही सैल धरली तर पोटात झोळ पडतो आणि आकडा जास्त येतो. म्हणून एका टोकाला ताणकाटा लावून पाच किलोचा ताण द्यायचा आणि मग वाचायचं. सर एका टोकाला छातीभर पाण्यात उभे राहिले, टेपचं शून्य भिंतीच्या टाइलला टेकवून. दुसऱ्या टोकाला महादेवराव काठावर गुडघे टेकून बसले आणि ताणकाटा धरला. पाण्याची भीती त्यांच्या तोंडावर दिसत होती, पण हात जरासुद्धा हलला नाही. मी पालथी झोपून आकडा वाचला.

पहिली लेन, चोवीस मीटर एकतीस सेंटिमीटर.

"परत बघा," सर तिकडून ओरडले.

परत बघितलं. तेच. मधली लेन चोवीस तीस, शेवटची चोवीस तेहतीस. मी शून्याला एका मोठ्या पोराला उभं केलं, सरांना बोलावलं आणि आकडा स्वतः वाचायला लावला. त्यांचं तोंड उतरलं. पाण्यातून निथळत ते तिथंच काठावर बसले.

एका फेरीला एकोणसत्तर सेंटिमीटर कमी. आठ फेऱ्यांना साडेपाच मीटर. सानिकाच्या वेगानं साडेपाच मीटरला सव्वाचार सेकंद लागतात. तिथं गेले होते ते चार सेकंद.

आबा मग बोलले. दोन वर्षांपूर्वी खोल बाजूची भिंत गळायला लागली होती. कंत्राटदारानं जुनी भिंत न पाडता आतून नवी भिंत घेतली, मध्ये काँक्रीट भरलं, वर टाइल्स बसवल्या. "मला बी नंतर कळलं," आबा म्हणाले. "तवर पोरांचं टायमिंग झ्याक यायला लागलं हुतं. आईबाप खूश. ॲडमिशन वाढलं. मग म्हटलं, कशाला उकरायचं?"

मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांना खरंच नंतर कळलं की आधीपासून माहीत होतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

"मॅडम, एवढं कागदावर आणू नका," ते म्हणाले.

"मोजलं की कागद होतोच, आबा. एक प्रत सरांना देणार."

सरांची नोकरी आबांच्या हातात होती. तो कागद सरांनी घडी करून खिशात घातला, तेव्हा मला वाटलं, हा कागद आता बाहेर येणार नाही. माझा संशय चुकला. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या पालकांना काठावर बोलावून तो मोठ्यानं वाचून दाखवला. आबा तणतणले, दुसरा कोच बघतो म्हणाले. पण पालकच म्हणाले, हेच सर पाहिजेत. आठवडाभरात बोर्डावरचे मीटर पुसले गेले, नुसतं 'जलतरण तलाव' राहिलं.

त्याच दिवशी, पालक असतानाच, सर सानिकाकडं गेले. "चुकलं माझं, पोरी. तुझं ऐकाय पाहिजे हुतं."

ती खाली बघत पायानं पाणी हलवत राहिली. मग म्हणाली, "सर, उद्यापासून नंबर मी लावू?"

"तूच लाव की."

मीही तिची माफी मागितली. ती "असू दे मॅडम" म्हणाली. मात्र माझ्याशी मोकळी कधीच झाली नाही. त्यात तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

आता प्रश्न होता पुढच्या, शेवटच्या चाचणीचा. पाच आठवडे उरले होते. भिंत पाडणं शक्य नव्हतं, दुसरा टँक परवडण्यासारखा नव्हता. मी आणि सरांनी कागदावर हिशोब मांडला. खऱ्या पंचवीस मीटरला दोन एकोणतीस हवं असेल, तर या आखूड टँकमध्ये एक फेरी अठरा पूर्णांक अकरा सेकंदांत व्हायला हवी. पेसरला शंभरावा भागही लावता येतो. सानिकानं अठरा पूर्णांक अकरा लावलं.

पहिल्या आठवड्यात ती पाचव्या फेरीपासून मागं पडायची. बीप वाजायची तेव्हा भिंत दोन हात लांब असायची. बाहेर येऊन टोपी काढायची, पेसर धुवायची, पुसून सावलीत ठेवायची. तेल लावायला सरांना सक्त मनाई होती. चौथ्या आठवड्यात ती सहावी फेरी बीपवर संपवायला लागली, मग सातवी. कोलांटी हात मोजून मारायची सवय सरांनी मोडून काढली. तळाची काळी रेघ कुठं संपते आणि भिंत किती जवळ आली ते बघून मारायला शिकवली, म्हणजे टँक कुठलाही असो, पाय भिंतीला बसतील.

चाचणी पुन्हा सांगलीलाच होती. मला जायचं कारण नव्हतं, तरी गेले. स्टॉपवॉच नेलं होतं. आणि हो, सरावाच्या वेळेत परवानगी घेऊन मी तो टँकही टेपनं मोजला. तिथले लोक माझ्याकडं संशयानं बघत होते. पंचवीस मीटर दोन सेंटिमीटर भरला.

स्पर्धेत पेसर चालत नाही. सानिका टोपीत काहीही न ठेवता उतरली. महादेवराव माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी एकदाही घड्याळाकडं बघितलं नाही, फक्त भिंतीकडं बघत होते. दुसऱ्या फेरीला तिचे पाय भिंतीला बसले तेव्हा त्यांनी श्वास सोडला. शेवटच्या फेरीत ती जराशी ढिली पडली.

दोन एकोणतीस पूर्णांक सात. तीन दशांशांनी आत.

सर टाळ्या वाजवायच्या आधी माझ्याकडं धावले. "तुमचं किती आलं?" मी घड्याळ दाखवलं. जुळत होतं. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पेसर दर दोन महिन्यांनी अजून माझ्याकडं येतात. रिंग, सेल, सफाई, अर्धा तास काउंटरवर. कुणीही टायमर घेऊन आलं आणि 'हे चुकीचं दाखवतंय' म्हणालं, की मी आता आधी विचारते, अंतर कुणी मोजलंय? दहातले आठ जण म्हणतात, "बोर्डावर लिहिलंय." मग मी टेप काढते.